हुमच्याची यात्रा, मलनाडचे रान आणि गोचीड

शिवमोगा शहर मागे टाकून सुमारे 60 किलोमीटर पश्चिमेकडे गेले की होसनगर तालुक्यातील हुमचा येते. कन्नड यात्रेकरू त्याला होम्बुज म्हणतात. कोल्हापूर, सांगली, निपाणी, बेळगाव या पट्ट्यातील जैन घराण्यांना हे क्षेत्र परके नाही. सांतर राजांची ही जुनी राजधानी. जिनदत्तरायाने पद्मावतीमातेची मूर्ती येथे आणली, अशी परंपरा आहे. देवीच्या मंदिरामागील लक्कीचे झाड म्हणजे आपल्याकडची निर्गुंडी. ते कधी सुकत नाही आणि जवळचा मुत्तिनकेरे हा तलाव कधी आटत नाही, असे गावकरी श्रद्धेने सांगतात. चट्टलदेवीने 1077 साली उभारलेली पंचकूट बसदी पाहताना मोठी माणसे तासन्‌तास रमतात. मुले मात्र पाच मिनिटांतच अंगणाबाहेरच्या झाडांकडे धाव घेतात. त्यांचे काही चुकत नाही. मलनाडचे रान आहेच तसे, मोठ्यांनाही आत ओढून नेणारे.

या मुलखाशी व्यापारी घराण्यांचा आणखी एक जुना संबंध आहे, तो सुपारीचा. सागर, शिरसी, तीर्थहळ्ळी ही नावे पूर्वी देवदर्शनाइतकीच भावतावाच्या बोलण्यातही येत. सुपारीच्या प्रत्येक बागेला खत लागते. त्यासाठी शेतकरी लगतच्या राखीव रानातून पाला आणि वाळलेला पाचोळा गोळा करतात, तो गोठ्यात अंथरतात आणि नंतर बागेत टाकतात. अशा रानाला तेथे ‘सोप्पिन बेट्ट’ म्हणतात. माणूस, गुरे आणि पाचोळा यांचा असा रोजचा सहवास शतकानुशतके चालत आला आहे. त्याच पाचोळ्यात गोचीडही राहतो.

याच जिल्ह्यातील सोरब तालुक्यात क्यासनूर नावाचे रान आहे. 1957 साली तेथे वानरे आणि माकडे मरून पडू लागली व आसपासच्या गावांत लोकांना तीव्र ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील संशोधक तेथे गेले आणि त्यांनी या तापाचा नवा विषाणू शोधून काढला. रानाच्या नावावरून आजाराला ‘क्यासनूर जंगल आजार’ असे नाव पडले. तेथील माणसे त्याला ‘मंगन कायिले’ म्हणतात, तर सिंधुदुर्गात ‘माकडताप’ हा शब्द रूढ आहे. नावात माकड असले तरी ताप माणसाला देतो तो गोचीडच. माकड बिचारे स्वतःच त्याचा बळी. माणसापासून माणसाला हा आजार होत नाही.

यात्रेकरूंनी ध्यानात घ्यावी अशी गोष्ट हंगामाची आहे. पाऊस सरल्यावर अंड्यांतून निघालेली गोचिडाची पिल्ले वाढतात आणि थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत त्यांची मधली, अर्धवट वाढलेली अवस्था रानात सर्वाधिक असते. माणसाला चावतात ती मुख्यतः हीच, खसखशीच्या दाण्याएवढी. डिसेंबर ते मे हा माकडतापाचा काळ मानला जातो. मुलांच्या नाताळच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्या नेमक्या याच काळात येतात, आणि यात्रेच्या गाड्याही त्याच वेळी निघतात.

म्हणून यात्रा टाळावी असे मुळीच नाही. बसदीच्या झाडलेल्या दगडी अंगणात अनवाणी फिरणाऱ्याला याचे भय फारसे नाही. काळजी घ्यायची ती रानाच्या कडेला, पायवाटेवर, आगुंब्याजवळच्या कुंदाद्रीसारख्या डोंगरावर, आणि घरची शिदोरी सोडण्यासाठी गाडी थांबवतो त्या झाडाखाली. गोचीड उडत नाही, उडीही मारत नाही. गवताच्या किंवा पाल्याच्या टोकावर पुढचे पाय पसरून तो वाट पाहतो आणि जाणाऱ्याच्या अंगाला नकळत लागतो. मोठ्या माणसाच्या पोटरीला लागणारे गवत तीन वर्षांच्या मुलाच्या मांडीला लागते. शिवाय मूल पाचोळ्यात बसते, लोळते, काड्या वेचते. त्याला पूर्ण बाह्यांचे फिक्या रंगाचे कपडे घालावेत, विजारीचे टोक मोज्यात खोचावे आणि बसायला जाड सतरंजी अंथरावी. मेलेले माकड दिसले तर मुलाला घेऊन तेथून दूर व्हावे आणि गावात कोणाला तरी कळवावे.

जैन कुटुंबात सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी उरकते. जेवण आणि आरती यांच्यामध्ये अर्धा-पाऊण तास मोकळा राहतो. मुलाचे अंग तपासण्यास याहून सोयीची वेळ दुसरी नाही. कपडे बदलून, कोमट पाण्याने अंघोळ घालून, चांगल्या उजेडात पाहावे: कानांच्या मागे, मानेवर केस सुरू होतात तेथे, काखेत, बेंबीत, जांघेत, गुडघ्यांच्या मागे, विजारीचा नाडा वा इलास्टिक बसते त्या रेषेवर. केसांतून बोटे हळू फिरवावीत. पूर्वी नसलेला तीळ दिसला तर त्याला पाय आहेत का, हे पाहावे. गोचीड चावताना दुखत नाही, त्यामुळे मूल रडून सांगेल या भरवशावर राहू नये.

आणि असा एखादा सापडला की धर्मशाळेच्या खोलीत एकच गडबड उडते. आजी म्हणते, “अगं, थोडं रॉकेल लाव, आपोआप सुटेल.” शेजारच्या खोलीतल्या काकू चुना सुचवतात, कोणी खोबरेल तेल, कोणी पेटती उदबत्ती टेकवायला सांगतो. या साऱ्या उपायांत एकच दोष आहे. गुदमरलेला किंवा भाजलेला गोचीड लगेच सुटत नाही. उलट पोटातला द्रव जखमेत ओकण्याचा संभव वाढतो. मुलाची कातडी भाजते ती वेगळीच. सुनेने अशा वेळी आजींना दुखवू नये, पण रॉकेलही लावू देऊ नये.

लागतो तो फक्त बारीक टोकांचा चिमटा. एकाने मुलाला मांडीवर घेऊन गोष्ट सांगावी. दुसऱ्याने चिमट्याने गोचिडाला कातडीच्या अगदी लगत, तोंडापाशी धरावे, फुगलेल्या पोटाला नव्हे. मग न पिळता, न हिसकता, एकसारख्या हलक्या ताणाने सरळ वर ओढावे. काही क्षण कातडी किंचित वर उचलल्यासारखी दिसते आणि मग तो सुटतो. चिमटा नसेल तर बोटांवर कागद किंवा प्लॅस्टिकची पिशवी घेऊन हेच करता येते. उघड्या बोटांनी करू नये. तोंडाचा बारीक तुकडा आत राहिला तर सुईने कोरत बसू नये, कातडी तो यथावकाश बाहेर टाकते. जागा व हात साबणाने स्वच्छ धुवावेत. हे जितके लवकर तितके बरे, कारण चिमटा आणायला दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊ म्हणणे म्हणजे गोचिडाला आणखी एक रात्र देणे.

शांतिसूरींच्या ‘जीवविचार’ प्रकरणात गोकीड जातीची गणना त्रीन्द्रिय जीवांत केली आहे, मुंगी-मुंगळ्यांच्या पंगतीत. त्यामुळे श्राविकेचा हात थबकणे स्वाभाविक आहे. परंतु लेकराच्या अंगावरून त्याला दूर करणे ही संकल्पी हिंसा नव्हे. वैद्यकशास्त्र ज्या दोन गोष्टी निक्षून वर्ज्य सांगते, जाळणे आणि चिरडणे, त्या येथे दयेलाही मान्य नाहीत. चिरडलेल्या गोचिडाचा द्रव बोटांवरच्या बारीक चिरेतूनही बाधू शकतो. काढलेला गोचीड झाकणाच्या छोट्या डबीत ठेवावा, म्हणजे डॉक्टरांना दाखवताही येतो. अंगणात मोकळा सोडला तर तो शेजारच्या खोलीतील दुसऱ्या लेकरापर्यंत पोहोचेल.

बहुतेक चावे निरुपद्रवी असतात. चार दिवस लाल पुटकुळी राहते आणि जाते. तरीही चाव्याची तारीख आणि गावाचे नाव दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे आणि पुढचे दोन आठवडे मुलाकडे लक्ष असू द्यावे. माकडताप साधारण 3 ते 8 दिवसांत उमटतो: एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणे, उलट्या, कधी नाका-हिरड्यांतून रक्त. काहींना ताप उतरून आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा येतो. यावर नेमके औषध नाही, पूर्वी दिली जाणारी लसही आता वापरात नाही. मात्र वेळीच दवाखान्यात सलाईन व देखरेख मिळाली तर बहुतेक रुग्ण बरे होतात. गोचिडापासून येणारा दुसरा एक पुरळाचा ताप तर योग्य औषधाने लवकर आटोक्यात येतो, पण त्यासाठी डॉक्टरांच्या मनात ती शंका यावी लागते. तापात ॲस्पिरिनसारखी गोळी घरच्या घरी देऊ नये. रक्तस्रावाचे भय वाढते.

अडचण होते ती घरी परतल्यावर. दुकान उघडते, शाळा सुरू होते, यात्रा विस्मरणात जाते आणि आठव्या दिवशी मूल तापाने फणफणते. इचलकरंजीच्या किंवा सांगलीच्या डॉक्टरांनी हा आजार पाहिलेला असेलच असे नाही. ते साहजिकच डेंग्यू किंवा विषमज्वर तपासतील. म्हणून दवाखान्यात पाय ठेवताच आईने सांगावे, “डॉक्टर, आम्ही शिवमोग्याच्या रानात जाऊन आलोय, अमुक तारखेला बाळाला गोचीड चावला होता.” गोव्यातील सत्तरी किंवा सिंधुदुर्गातील दोडामार्ग-बांदा भागातील काजूच्या बागांतून आलेल्या कुटुंबानेही हेच सांगावे; 2015-16 पासून हा ताप तेथेही पोहोचला आहे. मग रक्ताची नेमकी तपासणी सुरू होते, आणि दिनदर्शिकेवरची ती तारीख डॉक्टर आपल्या कागदावर उतरवून घेतात.