पुडी आणावयास आम्हांस धाडू नका

व्यसनांविषयी विद्यार्थ्यांस उपदेश करणारे पुष्कळ आहेत. परंतु विद्यार्थ्यांचेही या बाबतीत काही म्हणणे आहे. ते वडीलमंडळींच्या कानी घालावे, एवढाच आमचा हेतू आहे.

तंबाखू म्हटली की विडी-सिगारेटचा धूर डोळ्यांपुढे येतो. महाराष्ट्रात मात्र ती धुरापेक्षा चघळण्यानेच अधिक शिरली आहे. कोणी सकाळी मिशरी लावतो, कोणी तळहातावर चुना घालून चिमूट मळतो, कोणी गुटख्याची पुडी फोडतो. धूर निघत नाही, म्हणून आमच्यांतील कित्येक सोबती यास व्यसन मानीतच नाहीत! २०१९ सालच्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी शेकडा ८.५ जण कोणत्या ना कोणत्या रूपाने तंबाखू सेवन करीत असल्याचे आढळले. म्हणजे ६० मुलांच्या वर्गात सरासरी पाच जण.

कायदे नाहीत असे नव्हे. १८ वर्षांखालील मुलास तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई केली. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तिची विक्रीच निषिद्ध ठरविली. २०१२ मध्ये महाराष्ट्र सरकारने गुटख्यावर बंदी घातली. परंतु आमच्या नव्या मुंबईत, सिडकोने आखलेल्या या नीटनेटक्या वसाहतींतही, "बाळ, कोपऱ्यावरून एक पुडी घेऊन ये," ही आज्ञा ऐकू येतेच. आजोबांसाठी नेत आहे असे समजून टपरीवाला ती बेलाशक देतो. अशा रीतीने टपरीची वाट वाईट संगतीच्या आधी घरच दाखविते.

आमच्या एका सोबत्याने आजोबांसाठी अशा पुड्या कित्येक वर्षे आणल्या. आज त्या वृद्ध गृहस्थांचे तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संस्थेत त्यांस वरचेवर न्यावे लागते. "मी तेव्हा नाही म्हटले असते तर?" असे त्याने आम्हांस विचारले. वडिलांच्या शब्दास नकार देणे हा उद्धटपणा, असेच आम्ही सर्व शिकलो आहोत. त्याचे समाधान आम्ही काय करणार?

म्हणून वडीलमंडळींस आमची विनंती आहे. जडलेली सवय एका दिवसात सुटत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु पुडी आणावयास आम्हांस धाडू नये, एवढे तर आजच करता येईल. आणि एखाद्या मुलाने हात जोडून "हे एवढे काम सांगू नका" असे म्हटले, तर त्यास उद्धट न समजता त्याच्या बोलण्यातील माया ओळखावी.