वगळता येईल असे द्राक्ष

२६ सप्टेंबर १८७२ रोजी बेत्तिनो रिकाझोली यांनी पिसा विद्यापीठातील प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांना एक पत्र लिहिले. रिकाझोली हे साधे गृहस्थ नव्हते. १८६१ च्या जून महिन्यात कावूर यांचे निधन झाल्यावर एकीकृत इटलीचे पंतप्रधानपद त्यांच्याकडे आले होते. करड्या स्वभावामुळे लोक त्यांना ‘लोखंडी बॅरन’ म्हणत. पत्राचा विषय मात्र राजकारण नव्हता. तो होता तोस्काना प्रांतातील त्यांच्या ब्रोलियो गढीभोवतीची द्राक्षे.

फ्लोरेन्स आणि सिएना या दोन हाडवैरी नगरांच्या मधल्या टेकड्या म्हणजे कियांती. या नगरांची सीमा कोंबड्याच्या आरवण्यावरून ठरली, अशी तिकडची लाडकी दंतकथा आहे आणि तो काळा कोंबडा आजही बाटलीच्या गळ्यावर मिरवतो. कागदोपत्री आधार शोधायचा तर १७१६ पाशी थांबावे लागते. त्या वर्षी ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो मेदिची याने फर्मान काढले आणि कोणत्या भूमीतील वाइनला ‘कियांती’ म्हणावे हे ठरवून दिले. भूमी ठरली, पण बाटलीत नेमके काय असावे हे ठरले नव्हते.

ते रिकाझोलींनी प्रयोगांती ठरवले. पत्रातला त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा: सुगंध आणि जोम ‘सांजोव्हेसे’ या काळ्या द्राक्षातून येतो. ‘कानायोलो’, तेही काळेच, त्याचा कठोरपणा गोडव्याने मवाळ करते. ‘माल्वाझिया’ हे पांढरे द्राक्ष वाइन हलकी करते, म्हणून ते रोजच्या जेवणातल्या वाइनसाठी उपयोगी आहे. दीर्घकाळ मुरवायच्या वाइनमधून मात्र ते वगळता येईल.

पुढच्या शंभर वर्षांत सूत्र लक्षात राहिले आणि हे शेवटचे उपवाक्य गळून पडले.

ते गळण्यामागे अज्ञानापेक्षा अर्थकारण अधिक होते. तोस्कानात शतकानुशतके मेद्झाद्रिया ही पद्धत रूढ होती. मराठी मुलखात जिला अर्धेली किंवा बटाई म्हणतात, तीच ही: जमीन मालकाची, श्रम कुळाचे, उत्पन्न निम्मे-निम्मे. वेलींच्या ओळींमधून गहू पेरलेला असे आणि ऑलिव्हची झाडेही त्याच शेतात उभी असत. निम्म्या वाट्यात कुटुंब जगवणाऱ्या माणसाला चवीपेक्षा पिंपे भरण्याची चिंता असणारच. त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. ‘त्रेब्बियानो’ हे पांढरे वाण भरघोस पिके, म्हणून ते मळ्यांत पसरले. रिकाझोलींच्या सूत्रात त्याचे नावदेखील नव्हते.

मागणी वाढली तशी सीमाही वाढली. १९३२ मध्ये सरकारने कियांतीचे क्षेत्र सात उपविभागांपर्यंत ताणले आणि मूळ टेकड्यांच्या वाट्याला ‘क्लासिको’ हे विशेषण तेवढे आले. गोल बुडाची, गवती विणीत बसवलेली बाटली जगभर ओळखीची झाली. तिचे नाव फियास्को. मराठीत इंग्रजीमार्गे आलेला फजितीवाचक शब्द मुळात याच बाटलीचा. पुढे जे घडले ते पाहता हा योगायोग बोचरा वाटतो.

१९६७ मध्ये कियांतीची नियमावली कायदा बनली. लाल वाइनमध्ये १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षे सक्तीची झाली, मग ती वाइन रोजच्या जेवणाची असो वा वर्षानुवर्षे मुरवायची. जे वगळता येईल असे पत्रात म्हटले होते, ते वगळणे आता बेकायदेशीर ठरले.

वेळही नेमकी वाईट होती. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले होते आणि कुळे शेते सोडून शहरांकडे निघाली होती. जुनी मिश्र शेती मोडून सलग द्राक्षमळे लावले जात होते. कायद्यातले वाक्य दुसऱ्या वर्षी बदलता येते, पण लावलेली वेल पंचवीस-तीस वर्षे जमीन अडवून बसते. चुकीचा नियम असा मातीत रुजला. वाइन पातळ झाली, भाव पडले आणि ‘कियांती’ हे नाव स्वस्ताईचे झाले.

बंड पुकारले ते घरच्यांनीच. फ्लोरेन्सच्या जुन्या अंतिनोरी घराण्यातील पिएरो यांनी १९७१ च्या हंगामाची वाइन ‘कियांती’ हे नाव न लावता ‘तिन्यानेल्लो’ म्हणून विक्रीस आणली आणि १९७५ पासून तिच्यातली पांढरी द्राक्षे पूर्णपणे काढून टाकली. राद्दा गावच्या सेर्जिओ मानेत्ती यांनी १९७७ पासून निव्वळ सांजोव्हेसेची वाइन केली. कायद्याच्या लेखी या बाटल्या ‘विनो दा ताव्होला’, म्हणजे साधी जेवणातली वाइन, या सर्वांत खालच्या पायरीवर होत्या. ग्राहक त्यांना कियांतीपेक्षा कितीतरी जास्त दाम मोजत होते.

कायदा सावकाश मागे सरला. १९८४ मध्ये पांढऱ्या द्राक्षांचे किमान प्रमाण २ टक्क्यांवर आले. १९९६ मध्ये कियांती क्लासिकोला निव्वळ सांजोव्हेसेची मुभा मिळाली आणि २००६ च्या हंगामापासून तिथे पांढरी द्राक्षे वर्ज्य झाली. क्लासिकोबाहेरच्या विस्तृत कियांतीत, जिथली बरीचशी वाइन लवकर पिण्यासाठीच असते, ती आजही १० टक्क्यांपर्यंत चालतात. १८७२ च्या त्या पत्रातली विभागणी जवळपास अशीच होती.