शेवट पटला नाही

वाचनालयातली कादंबरी घरी आली की मी आधी तिचं शेवटचं पान उघडते. माझ्याआधी ज्यांनी ती वाचली, त्यांनी तिथे काय लिहून ठेवलंय ते मला बघायचं असतं. आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या लहान वाचनालयांतून फिरणारी पुस्तकं ओळखू येतात. खाकी पुठ्ठ्याची बांधणी, पाठीला चिकटवलेली कापडी पट्टी, त्यावर शाईने घातलेला दाखल क्रमांक, आत पिवळी पडलेली पानं आणि गोष्ट संपते त्याखालच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीची गिचमीड. 'छान आहे.' 'रडू आलं.' 'शेवट पटला नाही.' एका कादंबरीवर कुणीतरी 'एकदम बकवास' लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. त्याखाली दुसऱ्या अक्षरात सवाल होता, 'मग पूर्ण कशाला वाचली?' आणि त्याच्याही खाली, बहुधा पहिल्याच हाताने, 'सुधारेल असं वाटलं म्हणून.'

पुस्तकावर लिहू नये, हे मलाही मान्य आहे. पण या एवढ्याशा उत्तरात लोकप्रिय कादंबरी वाचणाऱ्या माणसाची सगळी हकिगत आली. हा वाचक भाबडा नसतो. काहीतरी बिनसलंय हे त्याला अर्ध्यातच कळलेलं असतं, तरी तो लेखकाला आणखी शंभर पानं उधार देतो. समीक्षक इतकं देत नाहीत. म्हणून अशा वाचकाची निराशा मला फार मोलाची वाटते. ज्याने पुस्तक विसाव्या पानावर मिटलं, त्याच्या नापसंतीला काय अर्थ? जो शेवटपर्यंत आशेने गेला, त्याला तक्रारीचा पूर्ण हक्क आहे.

रिसोडच्या माझ्या एक मावशी आहेत. दुपारी भांडी आटोपली की उशाशी पुस्तक घेऊन आडव्या होणाऱ्या. कौटुंबिक कादंबऱ्यांचं कपाट त्यांनी वाचून संपवलं आहे. त्यात सोसणाऱ्या सुना, परत येणारे नवरे, मनात कुढणाऱ्या विधवा. एकदा एक जाडजूड कादंबरी माझ्या हातात परत देताना त्या म्हणाल्या, "मले सांग, हे बाई अर्ध्या पुस्तकभर रडूनच राह्यली. मंग सैपाक कोन करते व?"

मावशींचा हा प्रश्न मी तेव्हापासून पुष्कळ कादंबऱ्यांना लावून पाहिला, आणि तो फार थोड्यांना झेपला. कारण इथे दुःख येतं ते कामाच्या मधोमध येतं. कुकरची दुसरी शिट्टी झालेली असते, नळाला पाणी आलेलं असतं, शेतात सोंगणीची मजूर मंडळी डब्याची वाट बघत असतात. फोनवर वाईट बातमी ऐकताना बाईचा हात आधी गॅसच्या बटणाकडे जातो. ती गॅस बंद करते आणि मग खाली बसते. हा हात ज्या लेखकाला दिसला, त्याला पुढचं रडणं लिहावंही लागत नाही. ज्याला दिसला नाही, तो पानांमागून पानं आसवं गाळतो, आणि वाचणारी बाई कोरडीच राहते. तिचं मन कठोर आहे म्हणून नव्हे. तिला खोटं लगेच ओळखू येतं, कारण खरं तिने स्वतःच्या स्वयंपाकघरात पाहिलेलं आहे.

रहस्यकथांनी मात्र मला कधी निराश केलं नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा आकडा ओलांडला. अकोला-पूर्णा मार्गावर मीटरगेजची गाडी होती, तेव्हाच्या त्या संथ प्रवासात ही खिशात मावणारी पुस्तकं एका हातातून दुसऱ्या हातात जायची, आणि वाशीम स्टेशन यायच्या आत खुनी सापडलेला असायचा. या लेखकांना महिन्यामागून महिने लिहायचं होतं, छापणाऱ्याची घाई होती, फिरती वाचनालयं नव्या पुस्तकासाठी खोळंबलेली असत. ते सगळं त्या गद्यात दिसतं. पण जे कबूल केलं, तेवढं ती पुस्तकं चोख देतात. अर्नाळकरांचा धनंजय चोर पकडतो, जगण्याचं सार सांगत बसत नाही. एवढी सचोटी मला पुरते.

मला त्रास होतो तो मोठ्या गाजलेल्या पुस्तकांचा. वपु काळ्यांवर प्रेम करणारे वाचक माझ्या घरात आहेत, आणि मध्यमवर्गी चाळीतला माणूस त्यांना नेमका दिसायचा, हेही खरं. पण 1976च्या 'पार्टनर'मध्ये माणसं बोलता बोलता थांबतात आणि वहीत उतरवून घेण्यासारखं एखादं वाक्य म्हणतात. एकदा मजा वाटते, तिसऱ्यांदा वाटतं की हा माणूस समोरच्याशी बोलतच नाहीये. सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'तली मैत्री मला अजूनही आवडते. त्यातल्या मुली मात्र कट्ट्यावरच्या मुलांनी लांबून पाहिलेल्या मुली आहेत. एवढं सांगून मी पुढे जाते, कारण माझं खरं भांडण पौराणिक कादंबऱ्यांशी आहे.

'मृत्युंजय' 1967 साली आली. आमच्याकडे ती लग्नात आहेर म्हणून दिली गेली आहे, सासरी जाताना ट्रंकेत गेली आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण अशी सहा माणसं तिथे आपापली कहाणी सांगतात. ही रचनाच केवढी धाडसी. पण सहाही जणांच्या तोंडी एकच भाषा आहे, एकाच घडणीच्या उपमा, एकच भारावलेला सूर. सूताच्या घरात वाढलेला धाकटा भाऊ आणि हस्तिनापूरचा राजपुत्र एकसारखं बोलतात. मग सहा माणसं कशाला हवी होती? खांडेकरांच्या 'ययाति'तही तसंच होतं. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा तिघंही सुभाषितांत विचार करतात. त्या कादंबरीला पुढे 1974चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीला मिळालेलं ते पहिलं. मान मोठा आहे, त्याचा मला आनंदच आहे. पण देवयानीचा राग मला त्या पानांत ऐकू येत नाही. ऐकू येतात ते रागाविषयीचे विचार.

आणि कर्ण. व्यासांच्या कर्णाने भर द्यूतसभेत द्रौपदीसाठी जे शब्द वापरले, ते आजही मोठ्याने वाचवत नाहीत. तो दाता आहे, मित्राला शेवटपर्यंत न सोडणारा आहे, आणि ते शब्द उच्चारणाराही तोच आहे. हे सगळं एका देहात मावतं म्हणून तो झोप उडवतो. आपल्या लोकप्रिय कादंबरीने, 'मृत्युंजय'ने आणि 'राधेय'नेही, त्याच्यावर झालेला अन्याय इतका जवळ घेतला की त्याच्या हातून झालेल्या अन्यायाचं वजन कमी झालं. वाचकाला रडवायला ते सोयीचं पडतं. माझी निराशा इथे आहे. मला पूर्ण कर्ण मिळणार होता, अर्धाच मिळाला.

लेखकांनी जुनी कथा बदलली, ही माझी तक्रार नाहीच. ती तक्रार निदान वाशीमच्या वाचकाने करू नये, कारण कथा बेधडक बदलणारा कवी आमच्याच गावचा राजा होता. हे गाव म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. चौथ्या शतकात ती शाखा स्थापन करणाऱ्या सर्वसेनाने प्राकृतात 'हरिविजय' नावाचं काव्य रचलं. कृष्णाने सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजात आणला, ती कथा. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त या वाशीमच्या राजाचं नाव घेतलं ते कालिदासाच्या सोबत. मुद्दा असा होता की ठरलेल्या कथेत जे रसाला मारक असेल ते कवीने सोडून द्यावं आणि रसाला पोषक असा प्रसंग नवा घालावा. नुसती मूळ कथा जपणं हे कवीचं काम नव्हे. त्यासाठी त्याने 'हरिविजया'कडे बोट दाखवलं. इतक्या जुन्या काळी आपल्या मातीतल्या माणसाला ही मुभा मिळाली होती, या गोष्टीचा मला फार अभिमान वाटतो. म्हणजे कसोटीही आपल्याला तेव्हाच मिळाली होती. कर्ण बदला, ययाति बदला. बदलताना कथेच्या आतला रस गडद होतोय की वाचकाची मर्जी राखली जातेय, एवढंच मी बघणार.

राजशेखराने तर काव्यपुरुषाचं आणि साहित्यविद्येचं लग्नच वत्सगुल्मात लावलं आहे. सगळा देश फिरून ती दोघं विदर्भात येतात आणि इथे त्यांचा विवाह होतो, असं 'काव्यमीमांसे'त आहे. वाशीमच्या पद्मतीर्थाच्या बाजूने जाताना मला ते लग्न आठवतं. इथे वऱ्हाड उतरलं असेल, पंगती उठल्या असतील.

'हरिविजय' मात्र आज नाही. दुसऱ्यांनी उद्धृत केले तेवढे तुकडे उरले. याउलट आमच्याच जिल्ह्यात कारंज्याच्या जैन मंदिरांतल्या ग्रंथभांडारांनी अपभ्रंश भाषेतल्या किती कथा जपून ठेवल्या. पुष्पदंताचं 'णायकुमारचरिउ' हे दहाव्या शतकातलं. हीरालाल जैन यांनी ते संपादित केलं आणि 1933 साली कारंज्याच्या देवेंद्रकीर्ती जैन ग्रंथमालेत ते छापून आलं. त्यात राजपुत्र आहे, पराक्रम आहेत, प्रेमं आहेत, एकामागून एक लग्नं आहेत. त्या काळची लोकप्रिय कादंबरीच म्हणा. कुणीतरी बोरू घेऊन ती पुन्हा पुन्हा उतरवली, कारण कुणाला तरी ती पुन्हा ऐकावीशी वाटली. टिकलं ते चांगलं आणि हरवलं ते टाकाऊ, असं यावरून म्हणता येत नाही. 'हरिविजया'च्या बाबतीत तर मुळीच नाही. म्हणून आज दहाव्या आवृत्तीचा हवाला देऊन कुणी माझं तोंड बंद करू पाहतं, तेव्हा मी बधत नाही.

हल्ली मालेगाव-मंगरुळपीरच्या मुली एसटीत मोबाइलवर रोजचा एकेक भाग वाचतात. त्यातला नायक मुंबईतल्या मोठ्या कंपनीचा मालक असतो, रागीट असतो आणि नायिकेचा हात घट्ट धरून ठेवतो. त्या मुलींना कुणी हसलेलं मला खपत नाही, त्या वाचताहेत. मला वाईट वाटतं ते लिहिणाऱ्यांचं, कारण त्यांतल्या कितीतरी जणी अशाच गावांत बसून लिहीत असतील आणि तरी एकीच्याही गोष्टीत तुरीचं शेत येत नाही, शेवटची एसटी चुकत नाही. वऱ्हाडी बोलली तर फक्त मोलकरीण बोलते, तीही हसवण्यापुरती.

आणि वऱ्हाडीत काय ताकद आहे हे तर उद्धव शेळक्यांनी 1960 सालीच दाखवून दिलं होतं. 'धग'मधली शिंपी घरातली कौतिक आपल्या बोलीत बोलते, हिशेब करते, नवऱ्याला टोचते, पोरांसाठी झिजते. तिच्या एकाही वाक्याला लेखकाने बाहेरून झिलई दिलेली नाही. मावशींचा प्रश्न तिला विचारायची वेळच येत नाही. कौतिक राबता राबताच खचते. ही कादंबरी लिहिणाऱ्या माणसाने पुढे लेखणीवरच पोट भरायचं ठरवलं आणि खपणाऱ्या, रंजक कादंबऱ्यांची रास घातली. वाचनालयात 'धग' आणि त्या कादंबऱ्या एकाच फळीवर असतात, एकाच नावाखाली. मी त्या बऱ्याच नेऊन वाचल्या, कौतिकचा आवाज पुन्हा कानावर पडेल या आशेने. मधूनच एखादा संवाद असा येतो की मी उठून बसते. मग कथानक आपल्या ठरल्या वाटेने निघून जातं.

त्या पुस्तकांसाठी मी शेळक्यांना दोष देत नाही. 'धग'सारखी कादंबरी लिहिणाऱ्याला दुसरी तशीच लिहायला चार-पाच वर्षं स्वस्थ बसता यावं, एवढी सोय मराठी पुस्तकांच्या बाजाराने केली नाही. त्यात प्रकाशक आले, ग्रंथालयं आली, पुस्तक विकत न घेता मागून नेणारे आम्ही वाचकही आलो. कौतिकची बहीण शोभेल अशा कितीतरी बाया त्यांना वऱ्हाडात दिसल्या असणार. त्या लिहायच्या राहून गेल्या, आणि इतर कुठल्याही कादंबरीच्या फसलेल्या शेवटापेक्षा मला त्याचं दुःख जास्त आहे.