साइडलाइनवरचा पाय

रविवार रात्र. शिट्टी अजून गळ्यातच आहे.

न्यू जर्सीतल्या आमच्या टच फुटबॉलमध्ये आज उंच पास आला. साइडलाइनजवळ निळ्या जर्सीतल्या मुलाने झेप घेतली, बचाव करणाऱ्यानेही. चार हात, एक बॉल, दोघेही एकदमच गवतावर. दोघांनी एकाच वेळी पकडलेला बॉल पास टाकणाऱ्या संघाचा, हे पाठ आहे. पण एकाचा ताबा आधी बसला आणि दुसऱ्याने मागाहून हात घातला, तर ती सामायिक कॅच नव्हेच. शिवाय पाय! एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये दोन पाय आत टेकावे लागतात, आमच्याकडे एक पुरतो. रेषेला लागला की बाहेर. आधी पाय बघायचे, मग हात, ही सवय मी मुद्दाम लावून घेतलीय. आज मात्र नजर हातांवरच खिळली.

पंच म्हणून मी कॅच दिली. मग मुलगा उठला तेव्हा त्याच्या टाचेवर पांढरा पट्टा दिसला. रेषेचा रंग. उतरताना लागला की घसरताना?

एनएफएलच्या सामन्यात ग्रीन बेला ११ जानेवारी २०१५ रोजी डॅलसच्या डेझ ब्रायंटची कॅच रिप्ले पाहून रद्द झाली होती, जमिनीवर आपटताना बॉल हलला म्हणून. २०१८ साली तो नियमच बदलला. तिथल्या पंचांकडे निदान कॅमेरे होते. माझ्याकडे दोन डोळे, आणि बचाव करणाऱ्या पोराचा पडलेला चेहरा. तो भांडला नाही. नुसतं म्हणाला, "सर, तुम्ही पाहिलंत ना?"

पुढच्या रविवारी मी रेषेच्या दोन पावलं मागे उभा राहणार आहे.