दोन रत्नागिरींच्या मधली वाट

संस्थेच्या स्मरणिकेसाठी आपल्या बालपणाविषयी काही लिहून पाठवावे, असे पत्र आम्हा तिन्ही भावंडांना आले. प्रत्येकाने स्वतंत्र लिहावे, असा प्रथम विचार होता. परंतु आमचे बालपण तिघांत वाटता येण्यासारखे नव्हते. ते एकाच पालाखाली, एकाच दोरीच्या आधाराने आणि एकाच ढोलाच्या तालावर गेले. म्हणून हा लेख आम्ही एकत्र लिहीत आहोत. वसतिगृहात आमच्या शेजारी ज्यांनी वर्षानुवर्षे अंथरूण घातले, त्यांतील पुष्कळांना आम्ही कोण हे ठाऊक नव्हते, कारण आम्ही ते सांगितले नव्हते. राहून गेलेले ते सांगणे या निमित्ताने पुरे करावयाचे आहे.

आम्ही डोंबारी. जत्रेत, आठवड्याच्या बाजारात, चावडीपुढे दोरीवरचा खेळ करून पोट भरणारे आमचे कुटुंब. पावसाळ्याचे चार महिने मिरजेच्या बाजूला एखाद्या गायरानात पाल ठोकून काढावयाचे आणि दसरा झाला की बिऱ्हाड गाढवांवर लादून निघावयाचे, हा आमचा नेम. देशावरचे बाजार करीत करीत पौषात मलकापूरवरून आंबा घाट उतरावयाचा. घाट उतरला की साखरपा. संक्रांतीला मार्लेश्वराचे गिरिजादेवीशी लग्न लागते. त्या यात्रेपासून आमचा कोकणातील हंगाम सुरू होई. पुढे देवरुख, संगमेश्वर, पाली, हातखंबा, लांजा अशी गावे धरीत शिमग्यापर्यंत राहावयाचे. शिमग्याला मुंबईचे चाकरमानी घरी येतात, ग्रामदेवतेची पालखी दारोदार फिरते आणि लोकांच्या हातात चार पैसे असतात. शिमगा आटोपला की पुन्हा घाट चढून चैत्री पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर. कोल्हापूरजवळच्या त्या डोंगरावरील गावाचे नाव वाडी रत्नागिरी. आमची आजी म्हणत असे, "आपला संसार दोन रत्नागिरींच्या मधल्या वाटेवर." तुमचे घर कोठे, या प्रश्नाला आमच्याकडे एवढेच उत्तर होते.

खेळाचे सामान फार नसे. कैचीसारखे बांधून उभे करावयाचे चार बांबू, एक जाड दोर, लोखंडी कडे, पितळेची थाळी, दोन कळशा आणि ढोल. वडील ढोल वाजवीत, आई थाळी. आमच्यातला थोरला जमिनीवर कोलांटउड्या मारी. मधला लोखंडी कड्यातून अंग काढी. आणि सहा वर्षांची धाकटी बहीण डोक्यावर कळशा व हातात आडवी काठी घेऊन दोरावर चाले. लोक जमत ते तिच्यासाठी. ती दोराच्या मध्यावर आली की वडील ढोलाची लय कमी करीत. लोकांना वाटे, उत्कंठा वाढविण्यासाठी तसे करतात. खरे कारण निराळे होते. मध्यावर दोर सर्वांत अधिक झोके घेतो, आणि तेथे बहिणीची पावले डोळ्यांपेक्षा ढोलावर चालत. पाऊल केव्हा उचलावयाचे, ते ढोल सांगे.

कोकणात आमच्या धंद्याला दोन अडचणी होत्या. देशावर गाव एकवट असते. ढोलावर थाप पडली की चावडीपुढे माणूस गोळा होते. येथे एका गावाच्या दहा वाड्या, आणि दोन वाड्यांमध्ये कधी ओढा तर कधी टेकडी. ढोल ऐकून लोक येईपर्यंत मुले थकून जात. म्हणून येथे खेळ करावयाचा तो जत्रेत किंवा बाजारात. दुसरी अडचण जमिनीची. दोराची दोन्ही टोके जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना ताणून बांधावी लागतात, आणि कातळात खुंटी जात नाही. पहारीने ठोकली तर पहारच झणझणते. मग वडील एक टोक झाडाला बांधीत आणि दुसरे जांभ्या चिऱ्यांच्या ढिगाला. त्या ढिगाकडे पाहून आई प्रत्येक वेळी म्हणे, "देशावर जमीन तरी आपल्याला धरून ठेवती."

कायदाही आम्हाला धरून ठेवीत नव्हता. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने देशातील कित्येक भटक्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या होत्या. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. परंतु पालात राहणाऱ्या माणसाकडे पाहण्याची गावाची नजर त्या दिवशी बदलली नाही. कोंबडी हरवली की प्रथम आमची पाले झाडली जात. पुढे मुंबई राज्याचा १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आला. गाणे, नाचणे, कसरती करून दाखविणे अशा निमित्ताने सार्वजनिक जागी पैसे घेणे हेही त्यात भीक मागण्यात धरले आहे. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये आपली सर्कस उभी केली, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते योग्यच आहे. तंबू असला, तिकीट असले की ती कला. तीच कसरत उघड्या आभाळाखाली केली आणि थाळी फिरविली, तर ती भीक. वडिलांना कायद्याची कलमे ठाऊक नव्हती, परंतु खाकी कपडा दिसला की ढोल कधी थांबवावा, हे त्यांना नेमके कळत असे.

१९८३ च्या शिमग्याला आम्ही रत्नागिरीजवळच्या एका गावात उतरलो होतो. पाणी तेथील बौद्धवाडीच्या विहिरीचे मिळाले. त्या वाडीतील एका निवृत्त गुरुजींनी आमचा खेळ पाहिला आणि संध्याकाळी ते पालावर आले. मुलांना आमच्या संस्थेच्या वसतिगृहात ठेवा, जेवण-कपडा-पुस्तके सारे मिळेल, असे त्यांनी सांगितले. वडील म्हणाले, "पोरं ठेवली तर खेळ कुणी करायचा, गुरुजी?" गुरुजींनी उलट विचारले, "माणूस दोरावर किती वर्षं टिकतो?" वडील काही बोलले नाहीत. अंग भरू लागल्यावर पंधराव्या वर्षीच त्यांना स्वतःला दोर सोडावा लागला होता. दोन दिवसांनी ते म्हणाले, "दोघांना ठेवतो. पोरगी मला लागंल."

हे वाक्य लेखातून गाळू नये, असा आमच्यातील धाकटीचा आग्रह आहे. आम्ही दोघे भाऊ शाळेत गेलो तेव्हा घरच्या मिळकतीचा सगळा भार तिच्या दोन पावलांवर आला. आमच्या पाटीवरील पहिली अक्षरे तिच्या चालण्यावर उमटली आहेत.

शाळेचे वर्ष संपत आले असतानाही अधीक्षकांनी आम्हाला ठेवून घेतले. जन्मतारीख विचारली, तर आई म्हणाली, "थोरला मढीच्या वाटेवर झाला, मधला जोतिबाच्या पायथ्याला." अधीक्षकांनी दोघांच्याही नावापुढे १ जून लिहिले, साल तेवढे निराळे. आमच्यासारखे १ जूनचे कितीतरी विद्यार्थी या संस्थेत होते, हे जुन्या मित्रांना आठवत असेल. मग 'वडिलांचा व्यवसाय' हा रकाना आला. वडिलांनी एकवार आमच्याकडे पाहिले आणि सांगितले, "मजुरी लिवा."

पहिले कित्येक दिवस आम्हाला छताखाली झोप आली नाही. पहाटेची वंदना, रांगेतले जेवण, संध्याकाळचा अभ्यास, सर्वांनाच नवे वाटते तसे आम्हालाही वाटले. पण आम्हाला सर्वांत नवे होते ते उद्या सकाळी येथेच उठावयाचे आहे, हे. घरच्यांना पत्र पाठवावे, तर पत्ता नव्हता. आम्ही भिंतीवरील दिनदर्शिका पाहून ठरवीत असू: आज संक्रांत, म्हणजे ती मार्लेश्वराला असतील, आज चैत्री पौर्णिमा, म्हणजे जोतिबाला.

दुसऱ्या वर्षीचा शिमगा आला. एके दुपारी वर्गात बसलो असता खालच्या रस्त्याकडून ढोल ऐकू आला. तो हात आम्ही हजार ढोलांत ओळखला असता. वर्गातली मुले खिडकीशी धावली. "डोंबाऱ्याचा खेळ आलाय!" म्हणून त्यांनी गुरुजींकडे सुट्टी मागितली आणि गुरुजींनी ती दिली. सारी शाळा खाली धावली. आम्ही दोघे मात्र वसतिगृहात जाऊन बसलो. ढोलाची लय कमी झाली, म्हणजे बहीण मध्यावर आली. पुन्हा वाढली, म्हणजे ती पलीकडे पोचली. हे आम्हाला भिंतीआडून कळत होते. खेळ संपल्यावर मुले कौतुकाने बोलत परत आली. आम्ही त्यांना एक अक्षर बोललो नाही.

संध्याकाळी वडील बहिणीला घेऊन फाटकाशी आले. डोक्यावर धुतलेला पटका, हातात भुईमुगाच्या शेंगांचे गाठोडे. ढोल जवळ नव्हता. तो कोठे आहे, हे आम्ही विचारले नाही. शाळेची पोरे समोरून गेली. कुणी त्यांना ओळखले नाही. आम्हाला हायसे वाटले. हे लिहिताना आज मान खाली जाते, पण तसे वाटले हे खरे आहे.

त्यानंतरच्या वर्षी एका जत्रेत चिऱ्यांचा ढीग सरकला आणि बहीण कातळावर पडली. मनगट मोडले. हाड बसविणाऱ्याने बांधले ते वाकडेच जुळले. ते आजही तसे आहे. वडिलांनी त्या दिवशी दोर गुंडाळला, तो पुन्हा सोडला नाही. पुढच्या आठवड्यात ते तिला घेऊन शाळेत आले आणि अधीक्षकांना म्हणाले, "हिलाबी ठेवा." आठव्या वर्षी ती पहिलीच्या वर्गात लहान मुलांमध्ये बसली. वडील व आई पुढे चिरेखाणीवर कामाला लागले. 'मजुरी' हा शब्द अशा रीतीने खरा झाला.

त्या फाटकावरच्या संध्याकाळची हकीकत बहिणीने आम्हाला फार उशिरा, वडील गेल्यानंतर सांगितली. गावातला खेळ आटोपल्यावर वडिलांनी आईला ढोलासह हातखंब्याच्या तिठ्यावर बसविले होते. आईलाही मुलांना भेटावयाचे होते. परंतु ढोल एकटा सोडता येत नव्हता. "पोरं खेळाला आली न्हाईत. त्यान्ला लाज वाटती. ढोल नगं न्यायला," एवढेच ते म्हणाले. त्या वर्षी आई आम्हाला न भेटताच घाट चढली.

आमचे शिक्षण पुढे नीट झाले, तरी एक खुंटी ठोकावयाची राहिली होती. भटक्या जमातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वी कुटुंब या राज्यात राहत असल्याचा पुरावा लागतो. जे कुटुंब कोठेच राहिले नाही, त्याने तो कोठून आणावा? एका कचेरीतून दुसरीत आमचा अर्ज दोन वर्षे फिरला. शेवटी आजीला आठवले. वडिलांच्या पाठचा एक भाऊ अवघ्या काही महिन्यांचा असताना, वाटेवरच्या एका गावात तापाने गेला होता. तेथेच ओढ्याकाठी त्याला पुरले होते. आम्ही त्या गावी गेलो. कोतवाल बुकात १९५० नंतरच्या एका पानावर त्या बाळाची मृत्यूची नोंद सापडली. बापाचे नाव, आणि पुढे जात: डोंबारी. पुरलेल्या त्या एका मुलापुरते आमचे कुटुंब या भूमीचे रहिवासी ठरले. ज्या काकांना आम्ही पाहिले नाही, त्यांच्या नावावर आम्हा तिघांचे दाखले निघाले. आजीने त्या पानाची नक्कल हातात घेतली, पदराने पुसली आणि परत दिली.

आज आमच्यातला थोरला एस.टी.त वाहक आहे. आंबा घाट त्याला अजून सुटलेला नाही. मधला प्राथमिक शिक्षक आहे. धाकटी परिचारिका आहे आणि वाकड्या मनगटाच्या त्याच हाताने ती लहान मुलांना लस टोचते. मुलांना दोरावर चढवू नये, याबद्दल आम्हा तिघांचे एकमत आहे. त्या जगण्याला सोन्याचा मुलामा देण्याची आमची इच्छा नाही. पण त्या खेळात विद्या होती. तोल, ताल, माणसांची पारख आणि खाली पाहत असूनही न भिणे, हे आम्ही शाळेत येण्यापूर्वीच शिकलो होतो. संस्थेने आम्हाला जे दिले ते घेताना आधीचे टाकून द्यावे लागते, असे आम्ही समजलो. तसे आम्हाला येथे कुणीही सांगितले नव्हते. ती समजूत आमचीच होती.

म्हणून संस्थेच्या चालकांना व शिक्षकांना एक विनंती आहे. आजही पौषात घाट उतरणारी पाले तुम्हाला हमरस्त्याच्या कडेला दिसतील. त्यांतले एखादे मूल शाळेचे अर्धे वर्ष उलटल्यावर दारात आले, तर आम्हाला घेतले तसे त्यालाही घ्यावे. आणि त्याचे आईबाप काय करतात हे विचारल्यावर ती दोघे अडखळली, तर थोडे थांबावे. घाईने मजुरी लिहू नये.

प्रवेशाच्या त्या जुन्या नोंदवहीत आता खाडाखोड करता येणार नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून ती दुरुस्ती येथे, सर्व सहाध्यायांसमक्ष करीत आहोत. वडिलांचा व्यवसाय: डोंबाऱ्याचा खेळ. आईचाही तोच.