रिकाम्या बाटलीचं वजन

श्टुटगार्टला आल्यावर पहिले तीन महिने मी चक्क पैसे कचऱ्यात टाकत होते. पाण्याच्या, सरबताच्या प्लास्टिकच्या बाटल्या छान चेपायच्या आणि पिवळ्या पिशवीत भरायच्या, हा माझा नेम. शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला जिन्यात अडवलं आणि खुणांनी समजावलं, चेपू नकोस, दुकानात परत दे. 'प्फांट', म्हणजे अनामत. ठाण्यात सहा वर्षं मुलांना मराठी शिकवून आलेल्या मला जर्मनचा हा पहिला पक्का शब्द त्यांनीच शिकवला.

जर्मनीत एकदाच वापरायच्या पेयाच्या बाटल्या आणि कॅनवर 2003 पासून अशी अनामत आहे, नगाला 25 सेंट. दुकानातल्या यंत्रात बाटली सरकवली की पावती हातात येते. धुऊन पुन्हा भरायच्या काचेच्या बाटलीला मात्र कमी, साध्या बिअरच्या बाटलीला 8 सेंट आणि मिनरल वॉटरच्या बाटलीला 15.

गेल्या वर्षी आई आली, तेव्हा ती काचेची पाण्याची बाटली तिला फार आवडली. अंगावर बुडबुड्यांसारखे उठावदार ठिपके असलेली ही बाटली 1969 पासून इथे वापरात आहे. एकच बाटली पन्नासेक वेळा भरली जाते, हे सांगितल्यावर आई म्हणाली, "अगं, आमच्या आरेच्या बाटल्या अशाच होत्या. रिकामी दिल्याशिवाय भरलेली मिळायची नाही. पिशव्या आल्या आणि धुऊन ठेवायची सवयच मोडली."

झालं, आम्ही दोघींनी घरात काच आणायचं ठरवलं. विरोध झाला तो नवऱ्याचा. बारा बाटल्यांचा भरलेला क्रेट सोळा-सतरा किलोचा, घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. "पर्यावरण तुमचं, कंबर माझी," असं म्हणून तो ऑफिससाठी प्लास्टिकच्याच बाटल्या आणत राहिला. मी त्यावर त्याला बरंच ऐकवलं. मास्तरीणबाईंची सवय, दुसरं काय!

नोव्हेंबरमधल्या एका संध्याकाळी आई आणि मी स्टेशनवरून परतत होतो. फलाटावर एक बाई टॉर्च घेऊन कचऱ्याच्या डब्यात वाकून बघत होत्या. अंगात नीटनेटका कोट, हातात कापडी पिशवी. त्या वळल्या तेव्हा चेहरा दिसला. आमच्या आजी! आई हाक मारणारच होती, मी तिचा हात धरला. आम्ही खांबाआड उभ्या राहिलो. त्यांनी दोन कॅन उचलले आणि काचेची एक बाटली पुन्हा तिथेच ठेवून दिली.

त्या रात्री मी स्वयंपाकघरात बसून हिशोब मांडला. चाळीस कॅनचे दहा युरो, आणि वजन जेमतेम अर्धा-पाऊण किलो. बिअरच्या चाळीस काचेच्या बाटल्यांचे 3 युरो 20 सेंट, आणि वजन पंधरा किलोच्या आसपास. सत्तरी ओलांडलेल्या बाईने काय उचलावं? मी अभिमानाने आणलेली काच त्यांच्या काहीच कामाची नव्हती. ज्या प्लास्टिकवरून मी नवऱ्याला बोलत होते, त्याचेच त्यांना पाव युरो मिळत होते.

सकाळी मी नवऱ्याच्या रिकाम्या बाटल्या एका पिशवीत भरल्या आणि आजींच्या दारात ठेवायला निघाले. आईने अडवलं. "दारात ठेवलीस तर त्यांना कळेल, आपण पाहिलंय ते. मग जिन्यात तुझ्याकडे बघतील कशा?"

इथे अनेक जण रिकाम्या बाटल्या डब्यात न टाकता डब्याशेजारी ठेवतात, गोळा करणाऱ्याला कचऱ्यात हात घालावा लागू नये म्हणून. आम्हीही तेच करायचं ठरवलं. दर शनिवारी संध्याकाळी मी लेकीला घेऊन स्टेशनवर जाते आणि डब्याशेजारी बाटल्या ओळीने उभ्या करून येते. कुणीही नेवो. घरात पाणी अजून काचेतलंच, पण नवऱ्याला बोलणं मी बंद केलंय.

आजी जिन्यात भेटतात, माझं जर्मन व्याकरण दुरुस्त करतात आणि लेकीच्या हातावर चॉकलेट ठेवतात. मी दिवाळीचा फराळ नेऊन देते. चकली त्यांना आवडते.

आई आता मुंबईत आहे. दर रविवारी फोनवर हमखास विचारते, "आजी बऱ्या आहेत ना गं? आणि बाटल्या?"

"सकाळी जागेवर नसतात, आई."