मेदोकचे उंचवटे व एक फ्रेंच शब्द

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस बोर्दो शहर आहे. तेथून जिरोंद खाडीच्या डाव्या तीरानें उत्तरेस गेलें म्हणजे द्राक्षमळ्यांसाठीं विख्यात असा मेदोक प्रांत लागतो. नामांकित मळे उंचवट्यांवर आहेत असें ऐकून जाणाऱ्या प्रवाशाची मात्र निराशा होते. हे उंचवटे भोंवतालच्या भूमीहून थोडेच वर उठलेले असतात. सह्याद्रीच्या छायेंत वाढलेल्या मनुष्याच्या ते डोळ्यांतही भरणार नाहींत. तेथील लोक त्यांस ‘क्रूप’ म्हणतात.

या शब्दाचा रूढ अर्थ घोड्याचा पुठ्ठा. गॉल देशांत राज्य स्थापणाऱ्या फ्रँक लोकांच्या जर्मन कुळांतील भाषेंतून तो फ्रेंचमध्यें आला. मुळांत त्यांत गोलसर फुगवट्याची कल्पना आहे. घोडेस्वाराच्या मागें पुठ्ठ्यावर बसणारा तो ‘क्रूपिये’. हाच पुढें जुगाऱ्याच्या पाठीशीं उभा राहणारा भागीदार झाला, आणि अखेर जुगारगृहांत पैसे गोळा करणारा नोकर ठरला! जनावराच्या अंगावरचा शब्द भूमीवर उतरला, याचें संस्कृतज्ञास नवल वाटूं नये. अमरकोशांत ‘नितंब’ शब्द पर्वताच्या उतारासही लाविला आहे.

परंतु या कुळांतील खरी मौज ‘क्रूपीर’ या क्रियापदांत आहे. उकिडवें बसणें हा त्याचा जुना अर्थ. आज तें साचून कुजणाऱ्या पाण्यास लावितात. आतां मेदोकची भूमि पाहावी. उंचवट्यांवर नदीनें हिमयुगांत वाहून आणलेले गोटे व वाळू आहे. पावसाचें पाणी तेथें झिरपून जातें आणि द्राक्षवेली खोल मुळें धरितात. सखल भागांत पूर्वीं दलदल होती. १७ व्या शतकांत डच तज्ज्ञांनीं चर खणून तिचा बराच भाग कोरडा केला. तरीही ओल धरणाऱ्या त्या भूमींत उत्तम द्राक्ष पिकत नाहीं; ती गुरांच्या कुरणासच बरी. इ. स. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठीं बोर्दोच्या मळ्यांची प्रतवारी झाली, तेव्हां पहिल्या वर्गांतील चार मळ्यांपैकीं तीन मेदोकचे निघाले. तिन्ही अशाच गोट्यांच्या उंचवट्यांवरचे! त्यांच्या आसवाशीं आपणांस कर्तव्य नाहीं. भूमि व भाषा यांचा मेळ मात्र पाहण्याजोगा आहे.

पाणी जेथें ठरत नाहीं ती जागा, आणि पाण्याचें साचून राहणें, या दोहोंस एकाच मुळापासून शब्द मिळाले. त्या दोहोंमधील अंतर चार पावलांच्या चढाएवढें. पण मळेवाल्याच्या घरची सुबत्ता किंवा ओढगस्त त्या चढावर ठरते.